एका दुपारच्या दोन खात्र्या: सायलोसायबिन घेऊन आलेल्या एका क्लायंटची केस

पार्श्वभूमी

ही केस तिच्या परवानगीने लिहितेय. वय, काम, घरची माणसं यातलं थोडं इकडचं तिकडे केलंय. पहिल्या मसुद्यात तिला एक खोटं नाव दिलं होतं, ते वाचून ती म्हणाली "मॅडम, ही कोण बया?", म्हणून नावच काढून टाकलं. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. गोळ्या लिहून देत नाही आणि सायकेडेलिक थेरपी, म्हणजे मनाची अवस्थाच बदलणारी द्रव्यं देऊन केलेले उपचार, करत नाही. हे आधीच सांगते कारण पुढे काही ठिकाणी यामुळे माझे हात खरंच बांधलेले होते, आणि काही ठिकाणी मी हेच कारण पुढे करून गप्प बसले.

ती चाळिशीला टेकलेली, ऑडिटचं काम करणारी. दिवसभर दुसऱ्यांच्या हिशोबातल्या चुका काढायच्या आणि रात्री स्वतःच्या मोजत बसायचं, असं सहा वर्षं चाललेलं. निदान डिप्रेशनचं. आधी एक गोळी झाली, मग दुसरी, माझ्याकडे आली तेव्हा एस्सिटॅलोप्रॅम २० मिलिग्रॅम चालू होती. गोळीने ती उठत होती, कामावर जात होती, पण "टीव्ही चालू आहे आणि आवाज बंद आहे" असं म्हणायची. नवरा समजूतदार, पण दमलेला. मूल नाही. मोठा भाऊ दुसऱ्या गावात, त्याचा विषय तेव्हा निघालाच नाही, आणि ही सगळी केस खरं तर तिथेच अडकलेली आहे.

पाचव्या सेशनला आली ती कागदांचा गठ्ठा घेऊन. दुसऱ्या देशात, जिथे हे कायद्याने चालतं, तिथल्या एका रिट्रीटमध्ये जागा बुक केली होती. सायलोसायबिन, म्हणजे मॅजिक मशरूममधलं द्रव्य. सात आठवडे होते हातात.

अडचण

वरवर बघितलं तर प्रश्न सोपा, जावं का जाऊ नये. पण तिने मला ते विचारलंच नव्हतं, ते तिचं ठरलं होतं. तिने विचारलं, "मॅडम, हे सेफ आहे का?"

आणि तिचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त होता हे कबूल करते. २००६ चा, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रोलंड ग्रिफिथ्स यांचा सायलोसायबिनवरचा अभ्यास तिला पाठ होता, ३६ निरोगी माणसं, आणि त्यातल्या ६७ टक्के लोकांनी दोन महिन्यांनंतर सांगितलं की आयुष्यातल्या सगळ्यात अर्थपूर्ण पाच अनुभवांत हा एक. २०२२ ची मोठी ट्रायलही, म्हणजे पेशंटवर केलेली औषधाची चाचणी, तिने आणली होती, २३३ पेशंट, सगळे औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनचे, २५ मिलिग्रॅमचा एकच डोस आणि तीन आठवड्यांनी तुलनेसाठी नावापुरता १ मिलिग्रॅम दिलेल्यांपेक्षा स्पष्ट फरक. २०२१ ची मात्र तिच्या गठ्ठ्यात नव्हती, ती मी काढून दाखवली. त्यात सायलोसायबिनची थेट एस्सिटॅलोप्रॅमशी, म्हणजे तिच्याच गोळीशी, तुलना होती, ५९ पेशंट, आणि जे मुख्य मोजमाप आधी ठरवलं होतं त्यात दोघांत ठाम फरक निघाला नव्हता. ती म्हणाली, "म्हणजे बरोबरीत सुटले ना, मग आवाज चालू होणारं औषध का नको?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही फारसं नाहीये.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघींच्या नजरेतून सुटली आणि सुटायला नको होती. या ट्रायलमध्ये कुणाला घेतात यापेक्षा कुणाला बाहेर ठेवतात ते बघायचं असतं. ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात सायकोसिस (वास्तवाशी संबंध तुटणं, भास-भ्रम) किंवा बायपोलर (मूड कधी खूप वर, कधी खूप खाली जाण्याचा आजार) आहे त्यांना बहुतेक ठिकाणी दारातच थांबवतात. म्हणजे तो जो सेफ्टीचा आकडा येतो तो चाळणीतून खाली पडलेल्यांचा असतो. आपण चाळणीच्या वर आहोत का खाली हे माहीत नसताना तो आकडा आपला म्हणून वापरायचा नसतो.

रिट्रीटच्या फॉर्मवर प्रश्न होता, कुटुंबात कुणाला बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियाचं निदान झालं आहे का. तिने 'नाही'वर टिक केली. मीही तेच विचारलं, "घरात कुणाला मानसिक आजार?" ती म्हणाली नाही. खोटं बोलली नाही, निदान कुणाचंच झालं नव्हतं.

गोळ्यांचा गुंता वेगळाच. सायलोसायबिन शरीरात गेलं की त्याचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका विशिष्ट रिसेप्टरवर, ५-एचटी२ए वर, जाऊन बसतं. तो रिसेप्टर केटॅन्सेरिन नावाच्या औषधाने आधीच बंद केला तर अनुभव येतच नाही, हे १९९८ मध्येच माणसांवर दाखवून झालंय. एस्सिटॅलोप्रॅमसारख्या गोळ्या चालू असतील तर बऱ्याच जणांना अनुभव फिका येतो. म्हणून रिट्रीटवाल्यांनी लिहिलं होतं, दोन आठवडे आधी गोळ्या बंद. ट्रायलमध्येही गोळ्या बंद करतात, पण तिथे डॉक्टर हळूहळू कमी करत आणतो आणि लक्ष ठेवतो. इथे एका ईमेलमध्ये एक ओळ होती.

कुठले पर्याय होते

मी वहीत चार लिहिले होते, तसेच्या तसे सांगते.

पहिला, सरळ नाही म्हणायचं, जाणार असाल तर मी पुढे काम करणार नाही. माझ्या एका सीनियरचा सल्ला हाच होता. यात मी सेफ राहते, ती एकटी जाते.

दुसरा, तिच्या सायकियाट्रिस्टला कळवायचं. पण ती स्वच्छ म्हणाली होती की डॉक्टरना सांगायचं नाही, ते नाहीच म्हणतील. जिवाला तातडीचा धोका असेल तरच मी गुपित मोडू शकते. तसा धोका तेव्हा दिसत नव्हता.

तिसरा, आहे तेच उपचार नीट तपासून घ्यायचे. सहा वर्षांत दोन गोळ्या आणि माझ्याआधी थेरपी म्हणून चार-पाच भेटी, हे काही सगळे मार्ग संपलेले माणूस नव्हतं. औषध बदलता आलं असतं, जोडीला दुसरं देता आलं असतं, एस्केटामाइन या डिप्रेशनवरच्या औषधाचा नेझल स्प्रे होता ज्याला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालीय, शिवाय एखाद्या खऱ्या ट्रायलसाठी अर्ज. मला मनातून हाच हवा होता. तिला हा "परत रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहणं" वाटला.

चौथा, ती जाणारच हे धरून चालायचं आणि त्यातल्या त्यात नुकसान कमी कसं होईल ते बघायचं.

आम्ही चौथा घेतला, तिसऱ्याचं शेपूट लावून, म्हणजे परत आल्यावर उपचारांचा फेरविचार करायचा असं. तेव्हा मला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आधी काय केलं

सात आठवड्यांत पाच सेशन. अपेक्षांवर बोललो, भीतीवर बोललो, वाईट अनुभव आला तर काय करायचं यावर खूप बोललो. या क्षेत्रात 'सेट आणि सेटिंग' असा शब्द आहे, मनाची तयारी आणि भोवतालचं वातावरण, साठच्या दशकात टिमोथी लिअरी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञामुळे तो पसरला. माझी जवळजवळ सगळी तयारी सायलोसायबिनचा अंमल असतो त्या सहा तासांपुरती होती.

एक गोष्ट बरी केली. तिच्याकडून लेखी घेतलं की परत आल्यावर सहा आठवडे नवरा मला थेट फोन करू शकतो आणि मी त्याच्याशी बोलू शकते. ती हसली होती, "मी काय लहान आहे का?" तरी सही केली.

गोळ्यांबद्दल मी दर वेळी म्हटलं की डॉक्टरना विचारल्याशिवाय बंद करू नका. ती मान हलवायची. मग जाण्याआधी सोळा दिवस तिने २० वरून थेट शून्य केलं. डोक्यात करंट गेल्यासारखं होणं, चक्कर, विचित्र स्वप्नं, झोप तुटक. मला कळलं तेव्हा चार दिवस उरले होते. इथे थांबवायला हवं होतं का, हा प्रश्न मला अजून पडतो. मी "पुढे ढकलता येईल का बघा" असं म्हटलं. बघा म्हटलं, ढकला म्हटलं नाही.

ती दुपार

तिने सांगितलेलं थोडक्यात लिहिते, कारण असे अनुभव कागदावर आले की पोरकट दिसतात आणि ते पोरकट नसतात. पहिला तास नुसती मळमळ आणि भीती. मग तिला तिचा तो रोजचा आवाज ऐकू आला, तू कमी पडतेस, तू कमी पडतेस, पण शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर लागल्यासारखा. भिंतीपलीकडून. सहा वर्षांत तिला पहिल्यांदा कळलं की हा आवाज आहे, ही मी नाही. ती म्हणते ती मोठ्याने हसली.

आणि त्याच दुपारी, तासाभराने, तिला दुसरी गोष्ट कळली, की नवऱ्याने तिच्यावर कधीच प्रेम केलेलं नाही, अकरा वर्षं दोघं नाटक करतायत. तेही तितकंच लख्ख. वाटलं असं नाही, कळलं.

विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९०२ मध्येच अशा अवस्थांबद्दल लिहून ठेवलंय की त्या भावनेसारख्या असल्या तरी माणसाला ज्ञानासारख्याही वाटतात. एलएसडी, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं असंच एक द्रव्य, सापडायला तेव्हा अजून चाळीसेक वर्षं होती, म्हणजे हे मशरूमचं वैशिष्ट्य नाही, मनाचंच आहे. स्कॅनमध्ये दिसतं की सायलोसायबिनखाली मेंदूतलं डीफॉल्ट मोड नेटवर्क, जे आपण स्वतःबद्दल विचार करत बसतो तेव्हा चालू असतं, त्याची घट्ट वीण सैल पडते. काही संशोधकांची मांडणी अशी आहे की जुन्या पक्क्या समजुतींचं वजन तेवढ्यापुरतं कमी होतं आणि नवीन काहीतरी आत शिरायला जागा मिळते. मांडणी आहे, शेवटचा शब्द नाही. पण ती धरून चाललं तरी एक प्रश्न उरतोच, जागा झाली हे ठीक, आत कोण शिरलं हे कोण तपासणार?

परत आल्यावर

चौथ्या दिवशी फोन. आवाज इतका मोकळा की मलाच भरून आलं. "मॅडम, आवाज चालू झाला."

नवव्या दिवशी सेशन. तीन-चार तास झोपते पण थकवा नाही, पहाटे उठून लिहिते, चाळीस पानं झाली होती. राजीनामा तयार आहे, वेगळं राहायचं ठरतंय, ठेवी मोडून स्वतःचं हीलिंग सेंटर काढायचंय. बोलताना एक वाक्य संपायच्या आत दुसरं. आणि मी वहीत काय लिहिलं? "छान आफ्टरग्लो. ऊर्जा खूप." आफ्टरग्लो म्हणजे अनुभवानंतर काही दिवस टिकणारा तो हलकेपणा, तो खरोखर असतो. पण आफ्टरग्लोमध्ये माणूस निवांत असतो, धावत सुटत नाही. सहा वर्षं बंद असलेलं माणूस चालू झालेलं बघून मी इतकी खूश झाले की झोपेचा आकडा समोर असूनही मला तो दिसला नाही.

बाराव्या दिवशी रात्री नवऱ्याचा फोन. रडत नव्हता, नुसता दमलेला. सगळं सांगून झाल्यावर सहज म्हणाला, "एकदम दादासारखं झालंय हो, दादाला असं झटका आला की व्हायचं ना, तसंच."

कोण दादा? तिचा मोठा भाऊ. पंचविशीत दोनदा, पंधरा-पंधरा दिवस जवळजवळ झोप नाही, दोन ठिकाणी कर्ज, रातोरात धंदा, सगळ्या जगाला फोन, आणि नंतर चार-चार महिने अंथरुणात. घरात याला नाव होतं, 'दादाचा झटका'. आजार असं कुणी म्हटलं नाही, धडाडीचा स्वभाव म्हटलं. मग ती मला तरी का सांगेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सायकियाट्रिस्टकडे नेलं. मी बरोबर गेले, आणि डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती माझ्या लक्षात आहे. हायपोमेनिया, म्हणजे मूड आणि ऊर्जा नेहमीपेक्षा खूप वर गेलेली अवस्था, मेनियाची सौम्य बहीण. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, त्यासाठी सलग चार दिवसांची अट आहे, तिचे किमान आठ भरले होते. रात्रीचं औषध लगेच सुरू केलं, बँकेचे व्यवहार तिच्याच संमतीने नवऱ्याच्या दुसऱ्या सहीशिवाय होणार नाहीत असं केलं, आणि सायकियाट्रिस्टनी एक वाक्य सांगितलं जे ती नंतर सगळ्यांना सांगत फिरली, "सहा आठवडे एकही अशी सही करायची नाही जी खोडता येत नाही." राजीनामा पाठवला होता, तो नशिबाने मॅनेजरने ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता.

हे मशरूममुळेच झालं असं मी म्हणणार नाही. गोळी एकदम बंद, झोप मोडलेली, लांबचा प्रवास, वर सायलोसायबिन, चारही एकाच महिन्यात. त्यातलं कशाने किती, हे कुणालाही वेगळं करता येणार नाही. डॉक्टरांनीही लगेच शिक्का मारला नाही. मागे जात जात विचारलं तेव्हा कळलं की चोवीसाव्या वर्षी, कुठलीही गोळी पोटात जायच्या आधी, तिचे असेच दहा दिवस होऊन गेले होते, तिला ते 'माझा बेस्ट काळ' म्हणून आठवत होते. मग बायपोलर टाइप दोन (डिप्रेशन आणि मधेमधे हायपोमेनिया) हे निदान बसलं, आणि सहा वर्षं नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने आवाज का चालू होत नव्हता याचंही थोडं उत्तर मिळालं.

दुसऱ्या सेशनचा पेच

लिथियम, म्हणजे बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवणारं औषध, सुरू झालं. रक्ताच्या तपासण्या, पातळी सांभाळणं, सगळं रीतसर. आणि मग कळलं की रिट्रीटमध्ये असतानाच तिने तीन महिन्यांनंतरच्या, सायलोसायबिनच्या दुसऱ्या सेशनचे पैसे भरून ठेवलेत.

इथे मी घाबरले. लिथियम चालू असताना सायलोसायबिन किंवा एलएसडी घेतलेल्यांना फिट्स आल्याचे बरेच रिपोर्ट आहेत, ही जोडी टाळायचीच असते. तिला ते माहीत होतं. तिचा प्लॅन होता लिथियम दोन आठवडे आधी बंद करायचं, मागच्यासारखं. लिथियम एकदम बंद केलं की मेनिया उसळून यायची शक्यता वाढते, म्हणजे एका खड्ड्यातून वाचायला दुसऱ्यात उडी.

या वेळी मी गोल गोल बोलले नाही. डॉक्टर, ती, नवरा आणि मी एका खोलीत बसलो. वैद्यकीय भाग डॉक्टरांनी सांगितला. ती गप्प होती, म्हणजे पटलेलं नव्हतं. मग मी तिच्याच धंद्यातला प्रश्न विचारला. त्या दुपारी तुम्हाला दोन गोष्टी कळल्या, आवाज म्हणजे मी नाही, आणि याचं माझ्यावर प्रेम नाही. दोन्ही सारख्याच खऱ्या वाटल्या ना? "हो, तंतोतंत." आज? ती बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिली. "पहिली अजून आहे. दुसरी... मला आठवतंय की मला कळलं होतं, पण काय कळलं होतं तेच सापडत नाही. एंट्री आहे, व्हाउचर नाही."

मग पुढच्या वेळी जे कळेल त्याचं व्हाउचर कुठून आणणार, एवढंच मी विचारलं. तिने चार दिवसांनी बुकिंग रद्द केलं. पैसे परत मिळाले नाहीत.

निकाल

आज अकरा महिने झालेत. नोकरी आहे, नवरा-बायको एकत्र आहेत, मधे एकदा डिप्रेशन येऊन गेलं पण आधीपेक्षा उथळ आणि कमी दिवसांचं. यात श्रेय कुणाचं, लिथियमचं का त्या दुपारचं, यावर आमचं एकमत नाही. नवरा म्हणतो लिथियम, आणि तो या विषयावर अजून चिडतो. ती म्हणते रेडिओ भिंतीपलीकडे गेला तो गेलाच, तो आवाज येतो पण त्याला उत्तर द्यावं लागत नाही आता, आणि हे कुठल्याही गोळीने केलं नव्हतं. मी तिच्या बाजूने थोडी जास्त झुकते. पण हेही दिसतं की तो रेडिओ पलीकडेच राहावा म्हणून आम्ही नंतर तीस-बत्तीस सेशन घासलेत, रोज तो आवाज पकडायचा, लिहायचा, सोडायचा. जे टिकलं ते असं टिकलं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी तो प्रश्न. "घरात कुणाला मानसिक आजार?" हा प्रश्न मी आता विचारतच नाही. विचारते, घरात असं कुणी आहे का जे कधी कधी दिवसेंदिवस न झोपता फुल चार्ज असायचं, भरमसाट खर्च, नवीन धंदे, आणि मग महिनोन्महिने झोपून? कुणाला आवाज यायचे, कुणी अचानक देवाचं माणूस झालं, कुणी घर सोडून निघून गेलं? लोक खुलतात. प्रत्येक घरात त्याला एक लाडकं नाव असतं, ते नाव बाहेर काढायचं. आणि एकट्या माणसाला विचारून भागत नाही, जोडीदाराला समोर बसवून विचारायचं, कारण दादाचा झटका हा शब्द तिच्या तोंडून नाही, त्याच्या तोंडून आला.

दुसरं, डॉक्टर. गुपित मोडायचा अधिकार मला नव्हता हे खरं, पण "डॉक्टरशी एक भेट झाल्याशिवाय मी तयारीचे सेशन घेणार नाही" एवढी अट घालायचा होता. सीनियरचं 'सरळ नाही' आणि माझं 'चला जाणारच आहात तर' याच्या मधे ही अट बसत होती. मी घातली नाही, कारण ती मला सोडून जाईल अशी भीती होती. हे लिहायला मला सोपं जात नाहीये.

तिसरं, गोळी एकदम बंद केल्याचं कळलं तेव्हा चार दिवस हातात होते. ढकला, असं स्पष्ट म्हणायला हवं होतं. ती ऐकली नसती बहुतेक.

आणि तयारीचं वजनच चुकलं होतं. पाच सेशन सहा तासांसाठी आणि शून्य सेशन पुढच्या सहा आठवड्यांसाठी. २०२३ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं की सायलोसायबिननंतर साधारण दोन आठवडे मोठ्या उंदरांच्या मेंदूत लहानपणीसारखी शिकण्याची एक खिडकी परत उघडते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण तिचा राजीनामा, घटस्फोट आणि हीलिंग सेंटर याच दोन आठवड्यांत बसतात हे बघून मला तो अभ्यास विसरता येत नाही. आता कुणी असा प्लॅन घेऊन आलं तर जाण्याच्या महिनाभर आधीपासून झोपेचे तास रोज लिहायला लावते, म्हणजे परत आल्यावर तुलनेला काहीतरी असतं. दोन रात्री सलग पाच तासांच्या खाली गेलं तर मला आणि डॉक्टरना फोन, कसं वाटतंय ते नंतर.

तिचं झोपेचं टिपण अजून चालू आहे, ऑडिटवालीच ती, रंगीत कॉलम वगैरे करून. मागच्या महिन्यात तिने तसंच एक कोरं शीट भावाला पाठवलं. त्याने ते बघितलं, "मस्त केलंयस" म्हणाला. डॉक्टरची वेळ अजून घेतलेली नाही.